गाऱ्हाणं थारशापर्यंतच

वरठीचं स्टेशन वरठीच्या नावानं नाही. पाटीवर ‘भंडारा रोड’ लिहिलंय आणि खुद्द भंडारा शहर तिथून दहा-बारा किलोमीटर लांब. नवखा प्रवासी उतरतो, बाहेर येतो, सनफ्लॅगच्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या बघतो आणि समोर दिसेल त्या ऑटोवाल्यावर चिडतो. भंडाऱ्याला म्हणून निघालो, हे कुठं आणून सोडलं? आमचा ऑटोवाला रेल्वेची बाजू घेत नाही, प्रवाशाची चूकही काढत नाही. “बसा ना जी, पोचवतो,” म्हणतो आणि भाडं मात्र आधी सांगतो. चिडलेल्या माणसाशी कसं वागावं यावर मी पुढं जे लिहिणार आहे, त्यातलं बरंचसं यातच येऊन गेलं. पण संपादकांनी पानं दिली आहेत, तेव्हा सविस्तर सांगते.

मी या स्टेशनावरून नागपूरला अप-डाऊन करते. नोकरी सरकारी, पद लिपिकाचं. कोणतं कार्यालय ते सांगणार नाही, निवृत्तीला अजून अवकाश आहे. गोंदियाकडून गाडी येते तेव्हा तिरोडा-तुमसरची मंडळी आधीच बसलेली असतात, आमच्यासाठी जागा धरून. आमच्या टोळक्यात बँकेतला एक भाऊ आहे, खासगी इस्पितळातल्या एक सिस्टर आहेत, कामठीला उतरणारे एक सर आहेत आणि विमा कंपनीत नुकतीच लागलेली एक मुलगी आहे. बाहेरच्यांना वाटतं अप-डाऊनच्या डब्यात राजकारण चालतं. राजकारण कमी, साहेब जास्त. प्रत्येकाचा एक साहेब असतो, नाहीतर शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी असतो, ज्याच्यामुळे नोकरी नकोशी झालेली असते.

या डब्याला एक नियम आहे. गाऱ्हाणं थारशापर्यंतच. खात स्टेशन गेलं, रेवराल गेलं, थारसा आलं की साहेबाचं नाव काढायचं नाही. हा नियम आमच्यातल्या एका काकांनी घातला, ते आता निवृत्त होऊन घरी शेती बघतात. त्यांचं निरीक्षण असं की वरठीला हसत चढलेला माणूस नागपुरात इतवारीला लालबुंद होऊन उतरतो आणि मधल्या वेळात त्याच्याशी कोणीच भांडलेलं नसतं. तो फक्त कालचं भांडण पुन्हा सांगत असतो. शिवाय सांगताना भांडण वाढतं. सोमवारी साहेब नुसते ओरडलेले असतात, शुक्रवारपर्यंत त्यांनी फाइल फेकून मारलेली असते.

मन मोकळं केलं की बरं वाटतं, कुकरची शिट्टी झाली की वाफ जाते, असं आपण सगळेच धरून चालतो. काकांना ते पटत नसे. पुढं माझ्या वाचनात आलं की अमेरिकेत आयोवा राज्यातल्या विद्यापीठात ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं नेमकं हेच तपासून पाहिलं होतं. २००२ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यानं सहाशे विद्यार्थ्यांना आधी चिडवलं, म्हणजे त्यांनी लिहिलेल्या निबंधावर अगदी अपमानकारक शेरा मारून परत दिला. मग काहींना मुष्टियुद्धाची पिशवी बडवायला दिली आणि सांगितलं की शेरा मारणाऱ्याला डोळ्यांपुढं आणा. काहींना सांगितलं की व्यायाम म्हणून बडवा. उरलेल्यांना नुसतं दोन मिनिटं बसवून ठेवलं. सगळ्यांत जास्त राग कोणाचा शिल्लक राहिला? माणूस डोळ्यांपुढं आणून बडवणाऱ्यांचा. सगळ्यांत कमी आक्रमक कोण निघाले? नुसते बसलेले. काकांनी हे वाचलेलं असणं शक्य नाही. त्यांनी डबा वाचला होता.

थारशानंतर काय बोलायचं? तर ‘मग आता करायचं काय’ एवढंच. इतकी वर्षं हे ऐकून माझं एक मत झालंय. कामाच्या ठिकाणचा त्रासदायक माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो. काहीतरी सांभाळत असतो, आणि ते आपल्या हातून सांडेल अशी त्याला धास्ती असते. तो काय सांभाळतोय हे कळलं की त्याच्याशी वागणं निम्मं सोपं होतं. सगळेच असे नसतात. काही जण निव्वळ दुष्ट असतात, त्यांच्याकडे नंतर येते.

माझ्या एका जुन्या साहेबांचं सांगते. कार्यालय आताचं नव्हे. सरकारी कामाची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं: आम्ही टिपणी लिहितो, नस्ती वर जाते, साहेब सही करतात किंवा काही दुरुस्ती सुचवून परत पाठवतात. तिसराही एक मार्ग असतो. समासात ‘चर्चा करावी’ असं लिहून नस्ती खाली पाठवायची. यात होकार नाही, नकार नाही. नस्ती आपल्या टेबलावर परत येते आणि उशीर आपल्या नावावर चढतो. हे साहेब दर दुसऱ्या नस्तीवर ‘चर्चा करावी’ लिहायचे आणि चर्चेला गेलं की दार उघडं ठेवून ओरडायचे. “हे काय लिहिलंय? कोणी शिकवलं तुम्हाला?” बाहेर खिडकीशी उभे असलेले लोकसुद्धा मान वळवून बघायचे. एक-दोघी बाथरूममध्ये जाऊन रडून यायच्या.

काही दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की रजेच्या नस्तीवर ते ओरडत नाहीत. फर्निचरच्या, टपालाच्या, गोपनीय पत्रांच्याही नाही. फक्त जिथं पैसे द्यायचे असतात तिथं. मग एका जुन्या शिपायाकडून कळलं, की आधीच्या कार्यालयात त्यांच्या एका सहीवर लेखापरीक्षणात आक्षेप निघाला होता आणि पगारातून वसुली सुरू झाली होती. घरी मुलीचं लग्न ठरलेलं. त्यानंतर पैशाच्या नस्तीवर सही म्हटलं की त्यांचा हातच आखडायचा. ते आमच्यावर ओरडत होते, पण त्यांना समोर दिसत होता तो ऑडिटवाला.

तेव्हापासून मी टिपणीची पद्धत बदलली. कोणत्या नियमाखाली, कोणत्या तारखेचा शासन निर्णय, त्याची प्रत ध्वज लावून सोबत, आणि शेवटी एक वाक्य: अशाच प्रकरणी यापूर्वी दिलेली मान्यता पृष्ठ अमुक वर पाहावी. पूर्वी कोणीतरी सही केलेली आहे, हे दिसलं की घाबरलेल्या माणसाला केवढा आधार वाटतो! तरी ओरडणं व्हायचंच. तेव्हा मी एकच प्रश्न विचारायची, “सर, यातलं कोणतं वाक्य बदलू?” आवाज मुद्दाम खालचा आणि हातात उघडं पेन. ओरडणं नेहमी सगळ्याबद्दल असतं: तुम्ही लोक, हे कार्यालय, आजकालची कामाची पद्धत. प्रश्न त्याला एका वाक्यावर आणतो. साहेब कागदाकडे बघायचे, आणि मला खात्री आहे, तेव्हा पहिल्यांदा वाचायचे. मग म्हणायचे, “हं. तारीख नीट टाका.” त्यांचा स्वभाव बदलला असं मी म्हणणार नाही. माझ्या नस्तीपुरता आवाज खाली आला, आणि मला तेवढंच हवं होतं.

ओरडणाऱ्याला ‘शांत व्हा’ म्हणू नये. हे दोन शब्द ऐकून शांत झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

खिडकीवर येणाऱ्या माणसाची धास्ती निराळी. भिवापूरकडचा कोणी पहाटे निघतो, बसचं भाडं भरतो, दिवसाची रोजी बुडवतो आणि इथं त्याला ऐकायला मिळतं की एक कागद कमी आहे, उद्या या. तो भडकतो. “फुकटाचा पगार घेता का बाई? मागच्या टायमाला काऊन नाही सांगितलं?” दुसऱ्या प्रश्नाला आमच्याकडे सहसा उत्तर नसतं, म्हणून आम्ही पहिल्यावर चिडतो. अशा माणसाला सगळ्यांत जास्त भीती असते ती रिकाम्या हातानं घरी जाण्याची. बायको विचारेल काय झालं, तर सांगायला काही नाही. त्याला मी चिठ्ठी देते. काय कमी आहे, ते कुठं मिळेल, कोणत्या टेबलाला आणायचं, आणि कार्यालयाचा फोन नंबर. खाली माझी सही. चिठ्ठी खिशात घातली की दहापैकी सात-आठ जणांचा पारा उतरतो. बाकीचे चिठ्ठी घेऊनही शिव्या देत जातात, त्याला इलाज नाही.

यात कायदाही नागरिकाच्या बाजूचा आहे, हे सांगितलं पाहिजे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे. मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि त्यापुढं आयोग. सबळ कारणाशिवाय सेवा अडवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. माझे सहकारी म्हणतात, तू लोकांना हे कशाला सांगतेस? मी म्हणते, ज्याला अपिलाची वाट ठाऊक आहे तो टेबल ठोकत नाही.

बरोबरीच्या सहकाऱ्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. आपलं काम गोड बोलून दुसऱ्याच्या गळ्यात घालणारे आणि दुसऱ्याचं काम साहेबांसमोर आपलं म्हणून सांगणारे, या दोन जाती सगळीकडे आहेत. त्यांच्यावर उपाय एकच, कागद. तो मला माझ्या नवऱ्याकडून मिळाला. त्याची सगळी नोकरी पोलादात गेली, या नाहीतर त्या कारखान्यात. भट्टीतलं पोलाद सोळाशे अंशांच्या घरात असतं आणि आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. क्रेनवाल्याला हातानं खुणा कराव्या लागतात. अशा जागी खरं भांडण पेटतं ते पाळी बदलताना. गेलेल्या पाळीनं काय बिघडवून ठेवलं आणि येणाऱ्या पाळीनं काय नीट बघितलं नाही यावरून. त्याच्या एका फोरमननं शिस्त लावली होती: आधी लॉगबुक वाचायचं, मग तोंड उघडायचं. अमुक वाजता यंत्र थांबलं, अमुक वाजता चालू केलं, अमक्याला कळवलं. वहीत ‘हलगर्जीपणा’ असा शब्द लिहायला बंदी होती. वेळ आणि घडलेली गोष्ट, बस. नवरा म्हणतो, वाचून होईपर्यंत निम्मी भांडणं शिळी व्हायची.

मी तीच वही कार्यालयात आणली. साधी दोनशे पानी. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, शक्यतो त्याच्याच शब्दांत. माझं मत त्यात नाही. विमा कंपनीतल्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “काकू, आमचा साहेब तोंडानं बोलतच नाही. रात्री साडेअकराला मेसेज टाकतो.” मग आणखी सोपं, म्हटलं. वही तो स्वतःच भरतोय. तू फक्त रात्री उत्तर देऊ नकोस. लिही हवं तेवढं, पाठव मात्र दुसऱ्या दिवशी कामठी ओलांडल्यावर. ती सांगते की बऱ्याचदा कामठीला मेसेज वाचून ती अर्ध्याहून जास्त खोडते. कधीकधी नुसतं ‘ठीक आहे सर, अकरापर्यंत देते’ एवढंच उरतं.

बँकेतला भाऊ बुद्धविहारात जाणारा. त्यानं एकदा भारद्वाज ब्राह्मणाची गोष्ट सांगितली. भारद्वाज बुद्धाला खूप शिव्या देतो. बुद्ध विचारतो, तुझ्याकडे पाहुणे येतात का? त्यांच्यापुढं वाढलेलं अन्न त्यांनी घेतलं नाही तर ते कोणाचं? माझंच, भारद्वाज म्हणतो. तसंच तू दिलेल्या या शिव्यांचं, बुद्ध सांगतो. डबा गप्प झाला. गोष्ट आहेच तशी. मग सर म्हणाले, “खरं आहे भाऊ. पण बुद्धाचा सीआर कोणी लिहीत नव्हतं.”

हसलो सगळे, पण सरांनी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. शिव्या घेतल्या नाहीत तरी गोपनीय अहवाल घ्यावाच लागतो. साहेबाला उलट बोललं की मार्चनंतर तो काय लिहील, ही धास्ती नोकरदाराला आयुष्यभर पुरते. तर यावर एक निकाल माहीत असावा. देव दत्त नावाचे सीमा रस्ते विभागातले अभियंते. एका वर्षाच्या अहवालात त्यांना ‘चांगला’ शेरा होता. वाचायला बरा, पण बढतीला ‘फार चांगला’ लागत होता आणि हा शेरा त्यांना कोणी कळवलाच नव्हता. बढती हुकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मे २००८ मध्ये न्यायालयानं सांगितलं की चांगला असो की वाईट, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. बदलीचंही तसंच. २००५ च्या कायद्यानं राज्य सरकारी कर्मचाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे आणि मध्येच हलवायचं तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. कायदे वाकवले जातात, हे मला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे. पण ‘तुला गडचिरोलीला फेकतो’ अशी धमकी ऐकताना मनात कायद्याचं नाव असलं की आवाज कापत नाही.

आता सिस्टरचं. आमच्या डब्यात सगळ्यांत शांत माणूस कोण विचारलं तर सगळे त्यांच्याकडे बोट दाखवतील. पेशंटच्या नातेवाइकांचे आवाज, डॉक्टरांचे टोमणे, सगळं हसून झेलतात. एकदा परतीच्या गाडीत त्या म्हणाल्या, “घरी गेले की पाण्याचा ग्लास जागेवर नाही म्हणून मी पोरावर खेकसते, जी.” आर्ली हॉक्सचाइल्ड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी यावर १९८३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यांनी विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास केला, आणि उलट टोकाला थकलेली बिलं वसूल करणाऱ्यांचा. एकीला हसण्याचा पगार, दुसऱ्याला दरडावण्याचा. मनात नसलेली भावना दिवसभर चेहऱ्यावर वागवणं हेही श्रमच आहेत आणि ते माणसाला थकवतात, असं त्यांनी मांडलं. पुढं नव्वदच्या दशकात जेम्स ग्रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना अस्वस्थ करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या आणि काहींना सांगितलं की चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. चेहरे शांत राहिले, पण अंगातली ताणाची काही लक्षणं वाढलेलीच निघाली.

म्हणून नुसतं सोसण्याचं कौतुक मला नाही. सिस्टरना आम्ही परतीच्या गाडीत खिडकीची जागा देतो आणि कामठी जाईपर्यंत कोणी त्यांच्याशी बोलत नाही. एवढंच करू शकतो. विपश्यना करून आलेलेही ओळखीचे आहेत. इगतपुरीचं केंद्र १९७६ पासून चालू आहे आणि राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना शिबिरासाठी रजेची सोयही आहे. जाऊन आलेल्यांना फरक पडतो, मी पाहिलाय. पण दहा दिवसांनी परत यायचं असतं त्याच टेबलावर, आणि टेबल काही शिबिराला गेलेलं नसतं.

निव्वळ दुष्टांकडे येते म्हणाले होते. ज्याला कसलीच धास्ती नाही, ज्याला दुसऱ्याला घाबरलेलं बघायला आवडतं, त्याच्यावर प्रश्न विचारून किंवा चिठ्ठी देऊन काही होत नाही. तिथं थारशाचा नियमही आम्ही बाजूला ठेवतो. बाईमाणसाच्या बाबतीत अंगलट येणं, घाणेरडं बोलणं, रात्री-अपरात्री बोलावणं, याला ‘साहेबांचा स्वभाव’ म्हणायचं नाही. २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथं अंतर्गत समिती असलीच पाहिजे, त्याहून लहान जागी जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी करावी, कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. दवाखान्यात हात उगारणाऱ्यासाठी राज्याचा २०१० चा वेगळा कायदा आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अशा वेळी दोनशे पानी वही कामाला येते. तारीख, वेळ, त्याचेच शब्द. आमच्या डब्यातल्या एकीनं तशी तक्रार केली होती. ती लिहिताना तिचा हात थरथरत होता, पण वहीतून उतरवायचं असल्यामुळे लिहून झालं. पुढचं तिचं तिनं सांगावं, मी सांगणार नाही.

ते ‘चर्चा करावी’वाले साहेब बदलून गेले. निरोप समारंभात सगळ्यांनी हसून टाळ्या वाजवल्या. नवे आले ते अतिशय सज्जन. आल्या दिवशी प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन नाव विचारलं, ‘ताई’, ‘दादा’ केलं, घरची विचारपूस केली. आवाज कधी चढला नाही. नस्ती घेऊन गेलं की म्हणायचे, “ठेवून जा ताई, बघतो सावकाश.” महिन्याभरात त्यांच्या कपाटावर नस्त्यांचा ढीग छताकडे निघाला. भिवापूरकडचे लोक पुन्हा खिडकीशी येऊन ओरडू लागले आणि साहेब बाहेर येऊन त्यांनाही चहा पाजू लागले. थारशानंतर डब्यात मी हे मांडलं, तेव्हा करायचं काय ते कोणालाच सुचेना. शेवटी सर म्हणाले, “ओरडणाऱ्याची तक्रार तरी करता येते. याची काय करणार, बाप्पा? चहा पाजतो म्हणून?”